सहाला उघडणारं पाळणाघर

आईस, निघोज्याहून तुझ्या स्वरूपाचा जयभीम.

सोनूला गावी पाठव म्हणालीस, पण आता नको. इथलं सरकारी पाळणाघर नऊला उघडायचं अन् आमची शिफ्ट सातची. मग आम्ही बारा जणी पोरं कडेवर घेऊन ग्रामसभेत जाऊन बसलो. पोरांनी असा कालवा केला, की सरपंचांना स्वतःचंच बोलणं ऐकू येईना! सोमवारपासून कुलूप सहाला निघतं.

मी परत कंपनीत लागले. सोनू दोन दिवस रडला, आता नीट जेवतो. तुझे गुडघे कसे आहेत?

मला खाटेच्या पायाला बांधून तू खुरपायला जायचीस. तुझाही इलाज नव्हता. सोनूसाठी ती दोरी काढून ठेवली असशील, तर तिनं आता शेळी बांध.

तुझीच,
स्वरूपा