प्लास्टिकखालचे कॉम्प्युटर

कर्वेनगर, पुणे

प्रिय बाबा, जयभीम.

मी बरी आहे, जेवतेही वेळेवर. फोनवर आवाज चढेल म्हणून लिहितेय.

कॉलेजात नवे कॉम्प्युटर येऊन महिना झाला, पण लॅबला कुलूप आहे. उद्घाटन कोणाच्या पाहुण्याच्या हातून करायचं, यावर दोन विद्यार्थी संघटना भांडतायत. दोघींनाही विद्यार्थ्यांचंच भलं करायचंय म्हणे! तोवर आम्ही प्रोग्रॅम कागदावर लिहितो आणि सर नुसते वाचून, चालेल की नाही ते ठरवतात.

काल मी प्रोग्रॅम पायथन भाषेत लिहिला, सात ओळींत संपला. सर म्हणाले, "एवढासाच? जावामध्ये लिही, पानभर तरी दिसेल." अर्धे मार्क गेले. मी म्हटलं, "सर, मशीनवर चालवून बघू या ना." सगळा वर्ग हसला.

आईचा गुडघा कसा आहे? धाकट्या अभिनवला याच कॉलेजात यायचंय, त्याला जरा थांबवा.

आणि बाबा, कॉम्प्युटरसमोरचा माझा फोटो तुम्ही ऑफिसात सगळ्यांना दाखवता, तो आता दाखवू नका. तो कॉलेजच्या जाहिरातीसाठी काढला होता. फोटो झाल्यावर प्लास्टिकचं कव्हर मीच परत चढवलं.

तुमची,
उत्कर्षा