आमच्या घरातली बावीस माणसं

आदरणीय खल्फान मामांना,

झुवैनाचा सलाम. सलालाच्या दमट हवेत तुमचा गुडघा कसा आहे? नव्या चष्म्याने नीट दिसतं ना? (फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र.)

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की सरकारी नोंदीप्रमाणे आमच्या सूर बंदरातल्या घरात एकवीस माणसं राहतात. ते चुकलं, बावीस राहतात. (लहानपणी अक्षरावरचा एक नुक्ता चुकला तरी तुम्ही अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचात, ती सवय अजून गेलेली नाही.) प्रत्यक्षात आम्ही तिघंच: बाबा, मी, आणि समुद्रापलीकडच्या अस्माराहून आलेली, आई गेल्यापासून मला वाढवणारी लेमलेम मावशी. बाकीची सगळी बाबांच्या स्वभावातून जन्मली. बंदरावर नवा आलेला कोणीही "पत्ता तुमचा लिहू का?" म्हणायचा आणि बाबा त्याच्या कपात कॉफी ओतता ओतता हो म्हणायचे. माणूस झोपतो कुठे हे निवास खात्याला ठाऊक, राबतो कुठे हे कामगार खात्याला, आणि दोघांचं आपसात बोलणं नव्हतं, म्हणून इतकी वर्षं निभावलं. आता ती बोलू लागली आहेत, आणि विषय आमचाच. आमचं घर हे बेकायदा वसतिगृह असावं असा संशय आला, आणि मावशीच्या निवासपत्राचं नूतनीकरण अडलं. नोंद सुधारली नाही, तर तिला अस्माराला परत जावं लागेल, जिथे तिचं आता कोणी नाही.

मग तपासनीस आला, मस्कतचा, तरुण आणि सभ्य. नावं वाचायच्या नादात तो रिकामा कप हलवून 'पुरे' सांगायला विसरायचा, आणि कप हलला नाही की बाबा पुन्हा भरणारच. प्रत्येक नावाला एक कप झाला.

"हा जुमा इथे झोपतो?"

"जुमाचं लग्न झालं. आता इथे कशाला झोपेल?"

"मग नाव काढा."

"आलेल्या माणसाला मी घराबाहेर काढू?"

"काका, हे घर नाही, संगणक आहे."

"मग त्याला सांग, माणसं गेली ती आपणहून गेली, रुसून नाही."

त्या बिचाऱ्याने खरंच तसं नोंदवलं. मी दोन्ही खात्यांची मनापासून आभारी आहे. बाबांनी किती जणांना आसरा दिला, हे त्यांच्यामुळे मला कळलं. बाबा स्वतः कधी सांगणार नव्हते. निघताना तपासनीस म्हणाला, की तो लॉजवर उतरलाय. बाबा म्हणाले, "छे, आमचा पत्ता लिही." मी त्यांच्या हातातून कॉफीचं भांडं काढून घेतलं.

तुमची,
झुवैना

ता. क. मावशीने केलेला हलवा सोबत पाठवते आहे. गुडघ्याला चोळायचा नाही, खायचा आहे.

ता. क. २. बाविसावं नाव तुमचं. कामगार खातं म्हणतं तुम्ही सलालात जाळी विणता. निवास खातं म्हणतं तुम्ही रोज रात्री आमच्या फाटकावरच्या खोलीत झोपता. बाकी सगळी नावं निघाली, पण तुमच्या नावाशी बाबांनी कप पालथा घातला. "मेव्हण्याचं नाव मी काढणार नाही. त्याने काढावं, नाहीतर राहायला यावं." मावशीचं निवासपत्र आता तेवढ्यावर अडलंय, तरी तिने तुमची गादी उन्हात घातली आहे. मला खोटं लिहिता येत नाही. तो दोष तुमच्याच शिकवण्याचा. तेव्हा इथे राहत नाही असं सही करून पाठवा, किंवा या. पाठवलंत तर तिघं लिहीन, आलात तर चौघं. मंगळवारी, चौदा ऑक्टोबरला, सकाळी मी निवास खात्याच्या खिडकीपाशी उभी असेन.