गोगलगाईची पेशी आणि बाहेरची कडी

मी, सुलभा गेणबा शेडगे, वय एकोणऐंशी, प्राणिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, पूर्ण भानावर राहून, स्वखुशीने हे लिहून ठेवते. स्वखुशी लिहिताना हसू आलं, कारण या फ्लॅटला बाहेरून कडी-कुलूप असतं. माझा पाय मोडला तेव्हा भाचा सौरभ "आत्या, तुझ्याच भल्यासाठी" म्हणत इथे घेऊन आला. पाय बरा झाला, कुलूप राहिलं. त्याला माझं धरणाकाठचं घर विकायचंय आणि मला तिथे परत जायचंय. पौडच्या निबंधक कार्यालयात जाऊन हे मृत्युपत्र नोंदवणंही जमणार नाही.

१. मी गोगलगायींशी बोलते म्हणून सौरभ मला वेडी ठरवतो. मी गप्प बसावं म्हणून त्याने नैराश्यावरची गोळीही सुरू करवली. डॉ. कैलास दिघे तपासायला आले, म्हणाले, "गोळी काय करते, ठाऊक आहे?" म्हटलं, जन्म त्यातच गेला. गोगलगाईच्या काही मज्जापेशी बाहेर सांडलेलं सेरोटोनिन हे निरोप्या रसायन परत आत ओढतात, शेजारून तयार दही आणावं तसं. ज्यापासून ते बनतं तो पदार्थ, म्हणजे दूध, मिळालं तर तेही घेतात आणि घरात विरजतात. तुमची गोळी दह्याचं दार अडवून बसते. दुधाची वाट वेगळी असते. मला तशी दुसरी वाट नाही, याचं फार वाईट वाटतं.

डॉक्टरांनी मी शहाणी असल्याचा दाखला दिला. सोबत जोडला आहे.

२. घर हुस्नाला द्यायचं होतं. ती माझी देखभाल करते. पण साक्षीदार दोन लागतात, ज्याला लाभ त्याने साक्ष देऊ नये म्हणतात, आणि सौरभ सोडला तर इथे डॉक्टर व तिच्याशिवाय कुणी येत नाही. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "बाई, मला घर नगं. सही कुटं करू त्ये सांगा." म्हणून घर आणि सूक्ष्मदर्शक माझी विद्यार्थिनी जुईली हिला.

३. ज्या बरणीतलं मीठ सौरभने माझ्या गोगलगायींवर ओतलं, ती बरणी सौरभला. दुसरं काही नाही.

४. माझी राख घरामागच्या भाताच्या बांधावर टाकावी. वाचलेल्या दोन गोगलगायीही तिथेच सोडाव्यात. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. त्यांना तेवढं थांबवू नये. हुस्नाने आजच न्याव्यात.

सही: सुलभा शेडगे
साक्षीदार: डॉ. कैलास दिघे, हुस्ना अलाउद्दीन तांबोळी
सूस, तालुका मुळशी, अकरावा मजला. १४ जुलै २०२५.

ता. क. हुस्ना गोगलगायी डब्यात घेऊन निघाली. तिचा पगार सौरभ देतो. कडीपाशी तिचा हात थांबला, मी ऐकत होते. मग कडी लागली.