उतारावर इंजिन गप्प झालं तेव्हा

प्रिय खटपट्या,

तुला या नावाने हाक मारणारी माणसं आता दोनच उरली, बाबा आणि मी. तिकडे गाड्यांच्या कंपनीत सगळे तुला साहेब म्हणतात, म्हणू देत. आईचं शिवणयंत्र उघडून बसलेला आणि परत जोडताना एक स्क्रू उरला म्हणून भोकाड पसरलेला तू मला अजून दिसतोस. हे दुकानात बसून लिहितेय. दुपार आहे, गिऱ्हाईक नाही. तुझे दाजी एका घराच्या खिडक्यांची मापं घ्यायला पायी गेलेत. सकाळी आरशासाठी एक काच कापायला घेतली तर काच कापायच्या हिरकणीची रेघ मध्येच वाकडी गेली. इतकी वर्षं हा धंदा करतेय, रेघ अशी कधी भरकटली नव्हती. अक्षरही लागलं नाही तर समजून घे.

बाबा तसे बरे आहेत. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन मात्र राहूनच गेलं. सकाळी दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि नुसत्या आवाजावरून गाड्या ओळखतात, ही दुधाची, ही कचऱ्याची, ही शेजाऱ्याची, सायलेन्सर फुटलेली. पण एखादी जड गाडी अंगावरून गेल्यासारखी गेली की खुर्चीचे हात घट्ट धरतात. विचारलं तर म्हणतात, वारा गार सुटलाय.

आमची जुनी पिकअप तू पाहिलेली आहेस. दाजी तिला म्हातारी म्हणायचे. थंडीत सुरू व्हायला तिचे नखरे असत आणि आवाज तर असा, की पलीकडच्या गल्लीतल्या लोकांना कळायचं, काचवाली निघाली. दाजींचा खांदा निखळला तेव्हापासून गाडी मीच चालवते. मागे लाकडी चौकटीत उभ्या बांधलेल्या काचा, पुढे मी, आणि शेजारच्या सीटवर जुन्या गोधड्यांचा ढीग. म्हातारीने मला रस्त्यात कधी दगा दिला नाही. पण पत्रा गंजून पायाखालचा रस्ता दिसायला लागला तेव्हा नवी घेणं आलंच. नेमकं त्याच सुमाराला तुमच्या कंपनीने पिकअपचं रूपडं बदललं, वरपासून खालपर्यंत, इंजिनासकट.

तेव्हा आमच्याकडे त्यावर केवढा काथ्याकूट झाला ते तुला सांगितलंच नव्हतं. गॅरेजवाला मिस्त्री म्हणाला, "जुनं इंजिन म्हणजे गाढव. लाथा झाडेल पण ओझं टाकणार नाही. हे नवं म्हणजे पोट लहान आणि दम मोठा. तो दम किती टिकतो ते बघून मग घ्या." समोरचा फर्निचरवाला अगदी उलट बोलायचा. त्याने पहिल्या झटक्यात घेतली होती. डिझेल कमी पिते, चढाला हूं की चूं करत नाही, आत बसलं की दिवाणखान्यात बसल्यासारखं वाटतं, आणि मिस्त्रीला संगणक कळत नाही म्हणून तो नावं ठेवतो, असं त्याचं म्हणणं. त्याच्या गाडीला आजवर काही झालेलं नाही, हेही खरं. दाजी तर पुढची जाळी बघूनच भाळले. मला तिचं तोंड रागावलेल्या बैलासारखं वाटलं. दोघांचंही ऐकून माझा काही निर्णय होईना, म्हणून तुला फोन लावला. तू म्हणालास, "ताई, या इंजिनाच्या चाचण्या मी स्वतः घेतल्यात. डोळे मिटून घे." मग काय, तुझ्या शब्दापुढे आमच्या घरात कोणाचं चालतं. बाबांनी तर शोरूममध्ये बॉनेट उघडायला लावलं, नातवंडाच्या डोक्यावरून फिरवावा तसा इंजिनावरून हात फिरवला आणि विकणाऱ्या बाईंना सांगितलं, हे आमच्या धाकट्याने केलंय.

काही महिने गाडी लोण्यासारखी चालली. मग एकदा पूल उतरून चौकात येत होते, तर समोरच्या पडद्यावर एक पिवळा दिवा लागला, लगेच विझला आणि इंजिन गप्प. मागून हॉर्नचा गिल्ला. किल्ली फिरवली तर गाडी शहाण्यासारखी सुरू झाली. सर्व्हिसला नेली. त्यांनी संगणक जोडला, संगणक म्हणाला सगळं ठीक. तिथला माणूस दाजींकडे बघून म्हणाला, "बाईंचा पाय चुकला असेल." दाजी मान हलवत हसले. मीही हसले. पण त्या दिवसापासून उतार नको म्हणून मी लांबचे रस्ते धरायला लागले आणि उशीर का झाला विचारलं की रहदारीवर ढकलायला लागले. आपलंच काहीतरी चुकत असेल, वय झालं, असं स्वतःला समजावत होते. घाबरलेल्या माणसाला सगळ्यात सोपं काय असतं, तर आपणच वेडे आहोत असं मानणं.

बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं तो दिवस. वाटेत एका इमारतीत मोठ्या काचा उतरवायच्या होत्या, म्हणून त्यांना सोबतच घेतलं. दवाखान्याला पाण्याच्या टाकीच्या टेकडीवरून जावं लागतं, दुसरा रस्ता नाही. चढ चढलो. बाबा खुशीत होते, आता डोळा झाला की तुझ्या मुलीचं अक्षर वाचायचं, असं काहीबाही बोलत होते. उतार लागला. गिअर बदलायला मी क्लच दाबला, तो पिवळा दिवा लागला, विझला आणि आवाजच गेला. गाडी मात्र चाललीच होती. आपल्या मागे किती वजन आहे ते तोवर मला कधी कळलं नव्हतं. इंजिनाच्या जोराशिवाय ब्रेक एकदा लागला, दुसऱ्यांदा निम्मा लागला, मग पायाखाली दगड ठेवावा तसा घट्ट झाला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढूनही वळेना. क्लचवरचा पाय मी उचलला असता तर गाडी गिअरमध्ये अडली असती म्हणे. मिस्त्रीने नंतर सांगितलं. त्या वेळी पाय माझा राहिलाच नव्हता.

उताराच्या पायथ्याशी बसथांबा आहे. तिथे माणसं उभी होती. एका बाईने छत्री मिटताना वर पाहिलं, तिचा चेहरा मला आता कुठेही दिसतो. बाबांना धूसर दिसतं, पण गाडीचा आवाज बंद झालाय हे त्यांना माझ्याइतकंच कळलं होतं. ते ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "डावीकडे घे बाळ, डावीकडे." मला बाळ म्हणून किती वर्षं झाली असतील. मी हँडब्रेक ओढला, सगळं अंग स्टिअरिंगवर टाकलं आणि बांधकामाच्या वाळूच्या ढिगात गाडी घातली. मग मागच्या काचा फुटल्या. एकदम नाही, एकामागून एक, सावकाश, शेवटची पडेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून ऐकत होतो. एक मोठा तुकडा मागची खिडकी फोडून आला आणि माझ्या आणि बाबांच्या मधल्या सीटमध्ये रुतला. बाबांच्या कानाला नुसता ओरखडा आला. घरी आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "खटपट्याला कळवू नकोस. उगाच त्याच्या जिवाला लागेल."

मी त्यांचं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी तुला फोन केला. आता नीट आठव. मी फक्त एवढंच म्हणाले होते, की गाडी चालता चालता बंद पडली आणि बाबा सोबत होते. तू विचारलंस, "चढ संपून उतार लागल्यावरच ना? आधी पिवळा दिवा लागून गेला?" बाबा कसे आहेत हे त्यानंतर विचारलंस. तुझ्या पहिल्या दोन्ही प्रश्नांना मी हो म्हणाले. उताराचं मी बोलले नव्हते. दिव्याचं तर दाजींनासुद्धा सांगितलं नव्हतं, हसतील म्हणून. तू पुढे म्हणालास, "दुरुस्त करून घे आणि विकून टाक. फार कुठे बोलू नकोस." त्यानंतर मी कितीदा फोन केला, तू मीटिंगमध्ये असतोस.

मग तुमच्या कंपनीचा माणूस आला. फार सभ्य. गाडीच्या संगणकातून माहिती काढून घेतली आणि म्हणाला, चालकाने उतारावर क्लच दाबून गाडी मोकळी सोडली, तरी सौजन्य म्हणून आम्ही फुकट दुरुस्त करून देतो. गाडी चकाचक होऊन दारात आली. दाजींना हायसं वाटलं आणि त्यांनी लगेच गिऱ्हाईक शोधलं. बेकरीवाला, त्याची बायको आणि तिच्या कडेवर पोर. बायकोने दार उघडून सीट दाबून पाहिली. मला म्हणाली, "पाव टाकायला आम्ही दोघंही जातो. हिला मांडीवर घेऊन बसता येईल ना इथे?" नेमकी तीच जागा, नवं कापड घातलेली. मी तिला सगळं सांगितलं. उतार, दिवा, वाळू, काच. ती पोर घट्ट धरून दोन पावलं मागे सरली. ते गेल्यावर दाजी म्हणाले, "तुझ्या भीतीपायी आपण धंदा बुडवणार आहोत." तेव्हापासून कामापुरतं बोलतात. गाडी मागच्या अंगणात उभी आहे. तिची बॅटरी मी काढून ठेवलीय आणि कुठे ठेवलीय ते कोणाला सांगत नाही.

मी परिवहन खात्यात तक्रार दिली. तिथला तपासनीस घरी येऊन गेला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कंपनी म्हणते चूक तुमची. ती तुमची नाही, हे कशावरून?" उत्तर माझ्या जिभेवर होतं. बाबा बाहेर खुर्चीत होते, दार उघडं होतं. मी म्हणाले, आठवून सांगते. तो पुढच्या आठवड्यात परत येणार आहे आणि या वेळी मी सांगणार आहे, माझ्या भावाने मला काय विचारलं ते. म्हणून हे पत्र. माझ्या तोंडून तुझं नाव निघण्याआधी तू स्वतः येऊन बोलावंस, एवढाच अवधी मला तुला देता येतो. तुझी नोकरी जाईल का, तुझ्यावर खटला होईल का, मला माहीत नाही, आणि त्याची मला भीती वाटते. तू वरच्यांना सांगितलं असशील, त्यांनी ऐकलं नसेल, असंही मनात येतं. तसं असेल तर तेही येऊन सांग. पण तू गप्प राहशील आणि अशाच एखाद्या उतारावर या गाडीत दुसरी कोणी बाई बसलेली असेल, ही भीती त्याहून मोठी आहे, तिच्यापुढे माझं काही चालत नाही. तुला हे आधीच माहीत होतं, हे बाबांना अजून कळलेलं नाही. ते तूच सांग, माझ्याने होणार नाही. आणि येताना बसने ये. कंपनीने तुला जी गाडी दिलीय तिच्यात हेच इंजिन आहे, मी मिस्त्रीला विचारून घेतलंय. तुझ्या बायकोला आणि मुलीला आजपासून तिच्यात बसवू नकोस.

तुझी वाट बघत असलेली, तुझीच
ताई