पंधरावं माणूस

ॲलिस स्प्रिंग्ज, ९ मार्च

ती. बाबांस,
रुतिकाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. पाच दिवसांच्या वाळवंटी सहलीवर मला पहिल्यांदा एकटीला गाइड आणि ड्रायव्हर म्हणून पाठवलं. पर्यटक चौदा. लाल माती, तीनशे किलोमीटर गाव नाही. तीन दिवस झकास गेले.

चौथ्या दिवशी एका कोरड्या नदीपाशी थांबलो. निघताना मी थकलेली. लहानपणी तुम्ही लाँचवर शिकवलंत तसं स्वतःला पहिलं धरून मोजलं. चौदा भरले, यादीतही चौदाच, म्हणून गाडी सोडली. चाळीस मिनिटांनी कुणाला तरी रिकाम्या सीटवरची टोपी दिसली. सत्तर वर्षांच्या बाई मागेच राहिल्या होत्या. परत गेलो तर झाडाखाली बसलेल्या, सुखरूप. मला मात्र रडू आवरेना.

चौकशी होईपर्यंत ऑफिसात बसवलंय. गाडी परत देतील असं वाटत नाही. मला घणसोलीला यायचंय. आत्याला सांगू नका.

तुमची,
रुतिका

घणसोली गाव, २७ मार्च

चि. रुतिकास,
अनेक आशीर्वाद.

वाळवंटात जाऊन पाण्यातली चूक केलीस, शाब्बास! आत्याला सांगितलेलं नाही. आता माझं ऐक.

तू चार वर्षांची होतीस. मोरा जेट्टीला लाँचची दोरी खांबात अडकली, म्हणून ती सोडवायला मी खाली पाण्यात उतरलो. वर उतारू मोजले, बरोबर भरले, लाँच सुटली. खलाशाला कोण मोजतो? दीड तास खांबाला धरून होतो. शिंपल्यांनी हात सोलून निघाले. लाँच परत आली तेव्हा ती चालवणारा गोटीराम तांडेल वरून विचारतो, की सगले उतारू तं पोचले, मंग तू हितं कसा. खूप भ्यालो होतो गं. तुझ्या आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तेव्हापासून मी स्वतःला पहिला धरतो. ती सवय सोडू नकोस. कागदावरच्या चौदाचे पंधरा कर. साहेबाला हे पत्र वाचून दाखव, त्याच्या भाषेत. घरी सुट्टीला ये, पळून येऊ नकोस. जेवत जा.

तुझा बाप,
दादू

ॲलिस स्प्रिंग्ज, २० एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न.

साहेबांना पत्र वाचून दाखवलं. मी वाचत असताना त्यांनी पाणी आणून दिलं. त्या बाईंनीही मला काढू नका म्हणून कळवलं होतं. आता सगळ्या गाड्यांच्या यादीत पहिली ओळ ड्रायव्हरची असते. मला गाडी परत मिळाली. कालच फेरी पुरी केली. प्रत्येक थांब्यावर पंधरा भरले.

तुम्ही खांबाला धरून होतात तेव्हा मी घरी खेळत असेन, हे सारखं मनात येतं. फार वाईट वाटतं, बाबा.

ऑगस्टमध्ये माझ्या एका फेरीला या; तेव्हा इथे थंडी असते, तुम्हाला झेपेल. पासपोर्टचं तेवढं बघा, बाकी मी करते. त्या फेरीच्या यादीवर मी आत्ताच सोळा लिहून ठेवलंय.

आत्याला आता सांगितलंत तरी चालेल. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
रुतिका