विसरभोळ्या मामांना बाहेर काढा

३ जून, सोमवार

लागली बाबा नोकरी एकदाची! निवृत्तीनंतर घरात भिंतींशी गप्पा मारून कंटाळलो होतो, म्हणून या नव्या शहरात खोली घेतली आणि आज कामावर हजर झालो. काम मोठं गमतीचं आहे. लोक तिकीट काढून स्वतःला एका घरात कोंडून घेतात आणि तासाभरात कोडी सोडवून, किल्ल्या शोधून बाहेर पडतात. त्या घराचे मालक विसरभोळे मामा, म्हणजे मी. ढगळ कोट, खोट्या मिशा आणि कपाळावर चष्मा. तोच चष्मा मी सगळ्यांना शोधायला लावतो. मंडळी अडली की वेंधळेपणाच्या आडून इशारा द्यायचा.

मालकीणबाईंनी एकच नियम बजावला. दार उघडलं की मंडळींपैकी कुणीतरी हात धरून "मामा, चला" म्हणायचं, तेव्हाच मामांनी उंबरा ओलांडायचा. आपलं आपण बाहेर यायचं नाही. शेवटाला तेवढाच जास्त हशा मिळतो, असं त्या म्हणाल्या.

मी जन्मभर नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होतो. विंगेत बसून दुसऱ्यांची अडलेली वाक्यं पुरवली. कुणी गप्प झालं की अजून माझे ओठ आपसूक हलतात. म्हातारपणी का होईना, उजेडात आलो. टाचणीला फोन करून सांगितलं. टाचणी म्हणजे माझी लेक. लहानपणी प्रश्न विचारून टोचत राहायची म्हणून मी पाडलेलं नाव. ती मोठी झाल्यापासून ते या वहीतच उरलंय. ती "छान" म्हणाली. मग दोघंही गप्प. तिच्याशी बोलताना मात्र मला एक वाक्य सुचेल तर शपथ.

८ जून, शनिवार

काय हसतात लोक! आज एका आजींना हसून हसून ठसका लागला. मी पाणी आणायला गेलो आणि रिकामा पेला घेऊन आलो, तर त्या आणखीच हसल्या. मग त्यांच्या मंडळींनी मला हात धरून बाहेर नेलं, गळ्यात हात टाकून फोटो काढले.

मिशा काढून निघालो, तर बसथांब्यावर तीच मंडळी उभी. मी ओळखीचं हसलो. त्यांनी पिशव्या जरा जवळ ओढून घेतल्या. त्यांचं चुकलं नाही, अनोळखी म्हातारा उगाच कशाला हसेल? पण वाईट वाटलं. खोलीवर येऊन मामांचे विनोद मोठ्याने म्हणून पाहिले. भिंतींना काही ते आवडले नाहीत.

१४ जून, शुक्रवार

आज मंडळी दार उघडल्याच्या आनंदात आरडाओरडा करत पळाली आणि मला विसरली. मी सोफ्यावर हात पुढे करून बसलो होतो. बाहेर फोटो झाले, पांगापांग झाली. कुणी आलं नाही. शेवटी कोट खुंटीला अडकवला आणि माझा मी बाहेर आलो. एवढ्याने काय आभाळ कोसळणार आहे?

दिवा घालवून दार ओढलं, तेव्हा आतून मामांचा खोकला ऐकू आला. तो खोकला मी स्वतः बसवलाय.

१६ जून, रविवार

पोचलो तर खेळ सुरू झाला होता. काउंटरवरच्या मुलीसमोर पडदा असतो, त्यावर आतलं दिसतं. कोट, मिशा, कपाळावर चष्मा, आणि मंडळी पोट धरून हसतायत. मी विचारलं, आत कोण आहे? तिने माझ्याकडे तिकीट मागितलं. मी म्हणालो, अगं, मामा मीच. ती हसली. म्हणाली, खेळून गेलेले सगळेच हे सोंग घेतात.

मिशांशिवाय तिने मला कधी नीट पाहिलंच नव्हतं बहुतेक.

१८ जून, मंगळवार

खेळाच्या खोलीतल्या कपाटामागे आम्हा काम करणाऱ्यांसाठी एक चोरवाट आहे, तिथून कपाटात शिरलो. त्याला रंगेहाथ पकडायचं होतं. फटीतून पाहिलं. चेहरा माझाच, फक्त जास्त आनंदी. मंडळींनी त्याचा हात धरला, "मामा, चला" म्हणाली, आणि तो गेला.

मी कपाटाचं दार ढकललं. उघडेना. मागे वळलो, तर चोरवाटेच्या जागी भिंत.

कुणीतरी बोलवायला हवं. नियमच आहे तो.

२० जून

मंडळी येतात, जातात. मी ओरडतो. त्यांना तो खेळातलाच आवाज वाटतो. हसतात.

तो रोज बाहेरून येतो. माझा सदरा, माझी छत्री. म्हणजे माझ्या खोलीत राहतो. मी इथे, अंधारात, ही वही घेऊन फटीपाशी. पुन्हा विंगेतच —

२१ जून

त्याने माझ्या लेकीला फोन केला. सोफ्यावर बसून. ती हसत होती, इथवर ऐकू आलं. माझ्याशी बोलताना ती असं कधी —

रविवारी खेळायला येतेय. पण त्याने हाक मारली ती कागदावरच्या नावाने. टाचणी त्याला ठाऊक नाही! ती ओळखेल. ती हात धरेल तो माझाच.

२३ जून, रविवार

आली. एकटीच. किती वाळलीय —

आधी खूप हसली. आता थांबलीय. त्याला निरखतेय. टाचणीच ती, टोचणारच.

विचारलं तिने. "बाबा, लहानपणी तुम्ही मला काय म्हणायचात?"

तो गप्प.

त्याला येत नाही. मी फक्त गप्प राहायचंय. ती मागे सरकतेय. कपाटाकडे बघतेय. इकडेच. एवढी शांतता, भर प्रयोगात — गप्प बस — गप्प —

माझे ओठ हलले.

"टाचणी," तो म्हणाला.

रडतेय ती. धरला त्याचा हात. "बाबा, चला."

उंबऱ्यावर थांबलेत. ती काहीतरी विचारतेय. त्याला पुढचं सुचत नाही. कपाटाकडे बघतोय, वाट पाहतोय माझी. नाही पुरवणार. या वेळी नाही. पण ती त्याच्या तोंडाकडे बघतेय, किती आशेने — आणि मी —