मचव्याच्या पिछाडीवरची खुर्ची

पनवेल, कोजागिरीनंतरचा रविवार, १९५६

तीर्थस्वरूप दादास,

काशीरामाचा नमस्कार. तुझी प्रकृती उत्तमच असणार. रागावलेली माणसं सहसा आजारी पडत नाहीत. इथे मी बरा, वेणू बरी, आबा बरे नाहीत, आणि आपला मचवा खाडीच्या चिखलात कलता पडला आहे. (तोच मचवा. तो विकून ट्रक घेऊ म्हणालास आणि आबांनी नाही म्हणताच मुंबई गाठलीस.)

आबांचे गुडघे आता वाकत नाहीत. सुकाणूपाशी मांडी घालता येईना, तेव्हा तिथे आपली खुर्ची ठेवा असा हुकूम सुटला. नारळी पौर्णिमेला खाडीच्या तोंडाशी नारळ मीच सोडणार, बहुधा शेवटचा, असंही त्यांनी जाहीर केलं. मचव्याची पिछाडी निमुळती, खुर्ची शिसवीची. खुर्ची कापायला आबा तयार नव्हते, म्हणून मचवा कापला. पिछाडी रुंद करायचं काम जगन सुताराकडे दिलं. त्याने जन्मभर बैलगाड्या केल्या, आणि आता मागून पाहिलं की तसं वाटतंही. (बैल जुंपायचेच काय ते राहिले.)

पाण्यात लोटला तर पिछाडी खाली आणि पुढची नाळ आभाळात. पुढे वजन हवं, एवढं मलाही कळलं. सगळं जग अशा वेळी दगड भरतं. पण मिठागरवाल्याने दगड वाहायचे म्हणजे अब्रूचा प्रश्न. दारात मिठाची रास असताना! गोणी भरून नाळेत रचल्या. मचवा असा सरळ तरंगला, की काठावरच्या मंडळींना मी तोल या विषयावर चार शब्द ऐकवले. (ती मंडळी हल्ली ते मला परत ऐकवतात.)

पौर्णिमेला वारा होता. नाळेवरून येणारी प्रत्येक लाट गोणींवर बसली आणि जाताना थोडं मीठ घेऊन गेली. समुद्राचं होतं, समुद्राने नेलं. तक्रार कुणाकडे करणार? नाळ उचलत गेली, पिछाडी बुडत गेली. हौसेने सोबत आलेली सखूआत्या रांगत पुढे निघाली. "सर गो आत्या, सर!" वेणू ओरडत होती. "सरतंय गो, पन पानी पन माज्या संगं सरतंय नं!" आबा कमरेइतक्या पाण्यात, खुर्चीत ताठ, मांडीवर नारळ. म्हटलं, आबा, पुढे या. म्हणाले, "मी बसलो हाय. तुमी हला."

शेवटी कोळ्यांनी दोर टाकून ओढत आणलं, आबांना खुर्चीसकट, अख्ख्या बंदरादेखत. नारळ सोडायचा राहिला. तेव्हापासून ताप येतो-जातो. डॉक्टर माझ्याशी बोलताना आवाज खाली आणतात, त्यामुळे आबा कान देऊन सगळं ऐकतात. नारळ त्यांच्या उशाशी आहे. चटणीसाठी मागायची वेणूची छाती होत नाही.

खुशाली कळावी एवढ्याचसाठी हे पत्र. वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा,
काशीराम

ता. क. मचवा दुरुस्त होतोय. आबांना पुन्हा जायचंय. या खेपेला दगड भरतो म्हटलं, तर नको म्हणाले.

आणखी एक. "भगवान नाळंवर बसायचा, तवा कंदी दगड लागलं नाय." हे ते भिंतीला म्हणाले, मला नव्हे. तुझं वजन हल्ली किती, एवढं कळव. किंवा कळवू नकोस, येऊन बस. पिछाडी मी कापली. नाळेवरची तुझी जागा तशीच आहे. पण फार उशीर करू नकोस. नारळ हलवून पाहिला, आत पाणी वाजेनासं झालंय.